डब्यावरची गोदावरी

मोतीराम अण्णांना विचारलं, तुम्ही काय करता, तर ते म्हणतात, "नाव घालतो." नवीन माणूस बुचकळ्यात पडतो. पडू दे. घरात लग्नातली घागर नाहीतर जुना डबा असेल तर जरा काठाजवळ बघा. 'चि. सौ. कां. अमकी हिस मामाकडून भेट' असं टिंबाटिंबानं लिहिलेलं सापडेल. ते आपोआप उगवलेलं नसतं. कोणीतरी मांडी घालून, एकेक टिंब ठोकून लिहिलेलं असतं. नाशकात, भांडी बाजारात, ते लिहिणारा माणूस म्हणजे मोतीराम अण्णा.

अठ्ठेचाळीस वर्षं एकाच दुकानाच्या पायरीवर बसले. खाली गोणपाट, मांडीशी लाकडाचा ओंडका, त्यात अडकवलेलं भांडं, एका हातात बोटभर हातोडी आणि दुसऱ्या हातात टोकदार पोलादी खिळा. त्या खिळ्याला अण्णा टोच्या म्हणतात. दिंडोरीकडच्या खेड्यातनं नाशकात आले तेव्हा शाळा चौथीतच सुटली होती. मास्तरांनी हातावर छडी मारली, अण्णांनी ती छडीच मोडली आणि घरी निघून आले. विषय संपला. पण अक्षर बघा त्यांचं! पंधरा वर्षं बाकावर बसलेल्यांनी लाजावं असं.

त्यांचा एक नियम होता. भांड्यावर आधी खडूनं नाव लिहायचं, मग ते गिऱ्हाइकाला वाचायला लावायचं. तेही मनात नाही.

"मोठ्यानं वाचा. बाजाराला ऐकू गेलं पायजे."

"अहो अण्णा, बरोबर आहे, ठोका ना. गाडी लागलीय."

"गाडी दुसरी लागंल. नाव दुसरं लागत नसतंय. वाचा."

गिऱ्हाईक वैतागायचं, लाजायचं, पण वाचायचं. मग टक, टक, टक. असं करून अठ्ठेचाळीस वर्षांत अण्णांच्या हातनं एक नाव बिघडलं नाही. एकही नाही. ज्याला पटत नसेल त्यानं बाजारात जाऊन विचारावं.

मग पत्रिकांवर छापायला लागले, 'कृपया आहेर आणू नये.' जे आणायचे ते पाकीट आणायचे. जी चार भांडी खपत त्यांच्यासाठी दुकानाच्या शेठनं करंटवरचा पेन आणला, घुर्र केलं की नाव तयार. अण्णांना उठ कोणी म्हटलं नाही. पण पायरीवर बसून दिवसभर लोकांच्या चपला बघायच्या, हे काय काम झालं? बयाबाई, म्हणजे अण्णांची बायको, म्हणायची, "अवो, घरी तरी बसा. हितं निदान माझ्याशी भांडण होईल, वेळ जाईल."

अशात एक दिवस तृप्ती आली. सटाण्याची पोरगी, नाशकात शिकली आणि इथंच राहिली. दर रविवारी ती सिडकोतल्या एका समाजमंदिरात वर्ग घ्यायची. लोकांनी घरातल्या अडगळीतल्या वस्तू आणायच्या आणि त्यांचे दिवे करायचे. फुटकी चाळणी, शिट्टी हरवलेला कुकर, काहीही चालायचं. भोकं पाडायची, आत बल्ब बसवायचा, भिंतीवर नक्षी पडते.

"अण्णा, ड्रिल मशीन पितळेवर घसरतं हो," तृप्ती पायरीवर टेकत म्हणाली. "गोल भांड्यावर तर थांबतच नाही. एका काकूंच्या नखाला लागलं. तुम्ही याल का? फक्त भोकं पाडून द्यायची."

अण्णांनी चष्मा वर केला. "पोरी, जन्मभर मी एवढंच जपलं की भोक पडू नये. नाव घालताना भोक पडलं की भांडं मेलं. आन् तू मला भोकंच पाड म्हनती?"

"हो."

अण्णांनी समोर बघितलं. चपला. पुन्हा चपला.

"किती वाजता यायचं?" ते म्हणाले.

पहिल्या रविवारी अण्णा टोपी-पायजमा घालून, पिशवीत हातोडी आणि टोच्या घेऊन दाराशी उभे राहिले, आत येईनात. आत वीसेक बाया, दोन रिटायर बाप्ये, भांड्यांचा खणखणाट. समाजमंदिराच्या कपाटाच्या किल्ल्या रंगूबाईकडं असायच्या. त्या हॉलमध्ये लग्न असो, बारसं असो, रंगूबाईला विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. आवाज असा की माइक लागत नाही. ती किसणी घेऊन आली होती.

"सर, माझ्या ह्याला भोकं पाडायची गरजच नाही," तिनं किसणी नाचवली. "आधीच आहेत. मी नापास की पहिली?"

"सर नका म्हनू," अण्णा म्हणाले. "सर लोक छडी मारतात."

हॉल हसला. अण्णा आत आले. मग काय, तासाभरात सगळ्यांच्या पुढं अण्णाच. भांड्यात आतनं ओंडका घाला, म्हणजे पत्रा चेपत नाही. पहिले दोन ठोके हळू, खिळ्याला जागा धरू द्या, मग तिसरा जोरात. "टक, टक, धाड! नाय नाय ताई, नवऱ्याचा राग डब्यावर काढू नका. डब्यानं काय केलंय?" त्या दिवशी कुकरवर फुलं उमटली, तेलाच्या पत्र्याच्या डब्यावर मोर आला. मोर जरा बदकासारखा होता, पण दिवा लावल्यावर कोण बघतंय. रंगूबाईच्या किसणीनं तर भिंतीवर पावसाच्या रेघा पाडल्या. अण्णा घरी गेले ते शीळ घालत. बयाबाईनं विचारलं, "पिऊन आलाय का?"

दोन महिने असे मजेत गेले. मग भाद्रपदातल्या एका रविवारी सुलभाकाकू आल्या. पंचवटीतल्या. सत्तरी गाठलेली बाई, नीट चोपून नेसलेली साडी, हातात कापडी पिशवी. पिशवीतनं त्यांनी पितळेचा एक उभट डबा काढला. झाकणाचा, कडीचा. चिंच-मीठ लावून इतका घासलेला की त्यात तोंड दिसावं. काठाखाली बरंच काही लिहिलेलं होतं, पण घासून घासून उडालं होतं. एकच शब्द शाबूत होता. गोदावरी.

"याचा दिवा होईल का?" काकूंनी विचारलं. "येत्या रविवारी मुलगा न्यायला येतोय. पुण्याला जातेय मी, कायमची. तो म्हणतो, तिकडं जागा नाही, वापरातली वस्तू असेल तरच आण. दिवा झाला तर चालेल म्हणाला. नाहीतर हा मोडीत जाणार."

मोडीत म्हणजे वितळायला. अण्णांनी डबा हातात घेतला. अंगठा काठाखालून फिरवला. 'गो'च्या पहिल्या टिंबावर अंगठा थांबला. ते टिंब बाकीच्यांपेक्षा खोल होतं, आतनं पुळी आल्यासारखा पत्रा वर आला होता.

"ह्यावर नाव मी घातलेलं हाय," अण्णा म्हणाले.

"काय सांगता!"

"माझं पयलं पितळेचं काम. पयलाच ठोका जोरात बसला. भोक पडता पडता राहिलं. समोर एक आडव्या अंगाचे गृहस्थ उभे, त्र्यंबककडचे, कपाळाला गंध. म्हनले, बाळ, थांब. आधी लिही, मग मला मोठ्यानं वाचून दाखव, मग ठोक. भाचीचं नाव आहे, बिघडायचं नाही."

काकू खुर्चीत बसल्या. "माझे मामा," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये ठोकाठोकी थांबली. रंगूबाईनं न राहवून विचारलं, "पण काकू, तुम्ही तर सुलभा ना?"

"सासरी सुलभा झाले. सासूबाईंचं नाव गोदावरी. एका घरात दोन गोदावरी कशा चालतील? हाक कोणाला मारली कळणार कसं? मग लग्नातच तांदळात सुलभा लिहिलं. माहेरची माणसं गेली तसं जुन्या नावानं हाक मारणारं कोणी राहिलं नाही." काकू हसल्या, पण डब्याकडं बघत. "आणि गंमत बघा, डब्यावर गोदावरी लिहिलेलं म्हणून घरात सगळे म्हणतात, सासूबाईंचा डबा. माझा मुलगासुद्धा. अठ्ठेचाळीस वर्षं मी स्वतःच्या डब्यात दुसऱ्याचा डबा म्हणून चकल्या भरतेय."

"मग सांगायचं ना ठणकावून!" रंगूबाई पेटलीच.

"आधी सासूबाई होत्या. मग त्या गेल्या. गेलेल्या माणसाशी डब्यावरून भांडायचं का?"

अण्णांनी डबा पिशवीत घातला नाही, काखेत घेतला. "ह्यातली एवढी चार अक्षरं आरपार करतो. तीच जुनी टिंबं. नवं काय नाय करायचं. दिवा लावला की भिंतीवर तुमचं नाव पडंल. वाचा आता."

"काय वाचू?"

"डब्यावरचं. मोठ्यानं. नियम हाय."

काकूंनी वाचलं, "गोदावरी." आवाज बारीकच निघाला. पण निघाला.

अण्णा चार दिवस घरी बसून ते करत होते. रोज एक अक्षर, त्याच्यापुढं नाही. बयाबाईनं शेजारच्या बाईला सांगितलं, "आमच्या ह्यांना डबा झालाय. जेवताना पण मांडीवर असतोय." चौथ्या दिवशी संध्याकाळी तृप्तीनं दिलेला टॉर्चमधला बारका बल्ब आत बसवला. खोलीतला दिवा घालवला. डब्याचं बटण दाबलं.

भिंतीवर वीतवीतभर अक्षरं पडली. सोन्यासारखी. आणि उलटी.

आधी 'री', मग 'व', मग 'दा', शेवटी 'गो', आणि एकेक अक्षर तोंड फिरवून उभं. आरशात दिसावं तसं. बरोबरच होतं ते. डब्यावरचं नाव बाहेरनं वाचायचं, आणि उजेड आतनं बाहेर जातो. आजवर फुलं आणि मोर केले, त्यांना उलटं-सुलटं काय कळतंय! अण्णांनी डब्यावरचं वाचायला लावलं होतं. भिंतीवरचं वाचायला कोणी असणार कुठून!

"लय झ्याक दिसतंय की," बयाबाई म्हणाली.

"उलटं हाय."

"मला सुलटं तरी कुठं वाचता येतंय?"

एरवी अण्णा हसले असते. आज खाली बसले. एकदा पडलेलं भोक बुजत नाही. मागच्या बाजूला उलट अक्षरं पुन्हा पाडता आली असती, पण ती मामांसमोर ठोकलेली टिंबं नव्हती, आणि ही उलटी गोदावरी तशीच राहिली असती. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिलं नाव बिघडलं, आणि ते कोणाचं बिघडलं? जिच्याकडं ते एकाच जागी उरलं होतं तिचं. वर रविवारी मुलगा हे बघणार आणि डबा मोडीत.

त्यांनी तृप्तीला फोन लावला. तिनं सांगितलं, आरशावरनं परत भिंतीवर पाडा, सरळ होईल. अण्णांनी दाढीचा आरसा धरला. त्यात 'गो' मावला, बाकी 'दावरी' छताला गेली. बयाबाई म्हणाली, डबाच उलटा ठेवा. ठेवला, तर गोदावरी डोक्यावर उभी राहिली. अण्णांनी चहा घेतला नाही. शुक्रवारी ताटातली भाजी तशीच परत केली. शनिवारी बयाबाईनं त्यांच्याशी भांडायचा दोनदा प्रयत्न केला, ते भांडलेही नाहीत. तेव्हा मात्र ती घाबरली.

शनिवारी दिवसभर भुरभुर होती. बाहेर कपडे वाळेनात म्हणून बयाबाईनं खोलीतच मधोमध दोरी बांधली आणि पांढरी चादर टाकली. दिवेलागणीला अण्णा पलीकडच्या कोपऱ्यात डबा लावून बसले होते, त्या उलट्या अक्षरांकडं बघत. मग उठले, नळावर पाय धुवायला बाहेर गेले. परत आले आणि उंबऱ्यातच उभे राहिले.

डबा पलीकडं, मध्ये चादर, अलीकडं अण्णा. चादरीवर अक्षरं. गोदावरी. सुलटी.

"बया!"

"काय झालं? साप?"

"चादर काढू नको! हात लावू नको!"

"ओली हाय ती, मी कशाला हात लावू?" म्हणत बयाबाई स्वयंपाकघरातनं बाहेर आली आणि अण्णांच्या शेजारी उभी राहिली. अण्णांनी तिला एकेका अक्षरावर बोट दाखवून वाचून दाखवलं. मोठ्यानं. शेजारच्या घरातनं आवाज आला, "कोण गोदावरी? पत्ता चुकलाय का कोणाचा?" मग अण्णा हसले. दोन दिवसांचं सगळं हसले. आणि बयाबाईशी भांडले पण, चहात साखर कमी म्हणून. तिला बरं वाटलं.

रविवारी समाजमंदिरात सगळे वेळेआधी हजर. देवव्रत, म्हणजे काकूंचा मुलगा, खाली टेम्पोत सामान भरून वर आला होता. माणूस वाईट नाही, फक्त सारखा घाईत. एक डोळा फोनवर.

"आई, दहा मिनिटं हं. टेम्पोवाला थांबणार नाही."

अण्णांच्या पिशवीत घरची चादर होती, पण बयाबाईनं गडबडीत फुलांची दिली होती. तिच्यावर अक्षरं दिसली नसती. तृप्ती पांढरं कापड शोधायला पळत सुटणार, तेवढ्यात रंगूबाईनं कमरेची किल्ली काढली, कपाट उघडलं आणि लग्नातला अंतरपाट बाहेर ओढला.

"ह्या हॉलमध्ये पांढरं कापड मागायला बाहेर जायचं? दोनशे लग्नं लावलीत ह्यानं. धर गं तृप्ती ते टोक."

दोघींनी अंतरपाट धरला. खिडक्या लावल्या. हॉलमध्ये अंधार झाला. अण्णांनी एका बाजूला स्टुलावर डबा ठेवला, काकूंना दुसऱ्या बाजूला खुर्ची दिली. देवव्रत डब्याच्या बाजूलाच उभा राहिला, फोन बघत.

"शुभमंगल..." रंगूबाईनं सूर लावला.

"सावधान!" सगळा हॉल ओरडला, आणि अण्णांनी बटण दाबलं.

देवव्रतनं वर बघितलं. "हे उलटं आहे," तो म्हणाला. "अहो काका, एवढी भोकं पाडलीत आणि उलटं? आई, हे घरात लावून काय करायचं?"

"सायेब," अण्णा म्हणाले, "तुम्ही चुकीच्या बाजूला उभे. ती वरपक्षाची बाजू हाय. हिकडं या, मुलीकडच्यांत."

हॉल खदखदला. देवव्रत जरा लाल झाला, पण अंतरपाटाला वळसा घालून आईच्या खुर्चीमागं आला.

"आता वाचा," अण्णा म्हणाले.

"गोदावरी," देवव्रत पुटपुटला.

"मोठ्यानं. भांडी बाजाराला ऐकू गेलं पायजे."

"गोदावरी!" तो ओरडला, हसत हसत. मग आईला म्हणाला, "छान झालं गं. आजीचं नाव आलं."

काकू अंतरपाटाकडं बघत होत्या. कापडाला थोडा वारा लागला की अक्षरं हलत होती, श्वास घेतल्यासारखी.

"आजीचं नाही," त्या म्हणाल्या. आता आवाज बारीक नव्हता. "माझं. गोदावरी मी आहे. तो डबा माझ्या मामानं मला दिला, आणि हे समोर उभे आहेत ना, त्यांनी त्यावर माझं नाव घातलं."

देवव्रतनं फोन खिशात टाकला. एकदा आईकडं, एकदा अण्णांकडं, एकदा कापडाकडं बघितलं. खालनं टेम्पोवाल्यानं हॉर्न मारला.

"थांबेल तो," देवव्रत म्हणाला. आणि खुर्ची ओढून आईशेजारी बसला. "मामा कोणते? मला कधी का नाही सांगितलंस?"

पुढचा अर्धा तास काकू बोलत होत्या. रंगूबाई आणि तृप्तीचे हात अंतरपाट धरून भरून आले, पण दोघींपैकी एकीनंही तो खाली केला नाही. शेवटी निघताना रंगूबाईनं त्याची घडी घातली आणि काकूंच्या पिशवीत कोंबली. "न्या. समाजाला दुसरा आणू. दोनशे लग्नं लावून दमलाय तो, आता पुण्यात आराम करू द्या."

डबा टेम्पोत गेला नाही. काकूंनी मांडीवर घेतला.

अण्णांचं आता असं झालंय की रविवारी त्यांच्यापुढं रांग असते. सगळ्यांना नावाचा दिवा पाहिजे. जुनं नाव असलेलं भांडं आलं की ते तसंच आरपार करतात आणि सांगतात, पांढरा पडदा लावा. नव्या भांड्यावर मात्र ते उलट लिहितात. आधी पातळ कागदावर सरळ लिहायचं, मग कागद पालथा घालून त्यावरनं ठोकायचं. पहिला आठवडा डोकं गरगरलं म्हणतात. आता बयाबाई पण एक अक्षर शिकलीय, 'ब'. ते तिनं आपल्या चहाच्या डब्यावर स्वतः ठोकलं. भोक जरा मोठं पडलं, चहापत्ती सांडते. अण्णा काही बोलत नाहीत. शहाणे आहेत.

दिवाळीच्या आधी काकूंचा फोन आला. देवव्रतनं डबा तळमजल्यावरच्या त्यांच्या खोलीत ठेवला होता आणि अंतरपाट खिडकीला लावला होता, पडद्यासारखा.

"आतनं मला उलटंच दिसतं हो," काकू म्हणाल्या. "सुलटं बाहेरच्यांना. संध्याकाळी लोक फिरायला निघतात ना, सगळे वाचत जातात. आणि इथला वॉचमन, त्याला माझं दुसरं नाव माहीतच नाही. गेटवर दिसले की हाक मारतो, 'गोदावरी आजी, आज दिवा उशिरा लावला?'"

 अण्णांनी कामाचं तेवढं विचारलं.

"मोठ्यानं मारतो का हाक?"

"चांगली खणखणीत."

"मग बरोबर हाय," अण्णा म्हणाले, आणि पुढचं भांडं ओंडक्यात अडकवलं.